फ्लायव्हीलचे सहा बोल्ट

चौतीस वर्षं मी एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. त्या चौतीस वर्षांत ‘चालतंय’ हा शब्द इतक्या तोंडांतून ऐकला, की आता तो नुसता कानावर पडला तरी मला शिसारी येते. भोक थोडं मोठं पडलंय, चालतंय. आटे गेलेत, चालतंय. माझ्या निरोप समारंभाची शालसुद्धा एका बाजूने उसवलेली होती आणि ती माझ्या खांद्यावर घालताना मॅनेजर हळूच म्हणाला, "चालतंय हो." ती शाल मी घरी येऊन पायपुसण्याला दिली.

निवृत्तीनंतर मुलाच्या हट्टापायी सदाशिव पेठ सोडून वारज्याला राहायला आलो. पेठेतले नातेवाईक अजून आमच्याकडे येताना पाण्याची बाटली आणि स्वेटर घेऊन निघतात. इथे सोसायटीचं नाव परदेशी, नळाला पाणी टँकरचं, आणि लिफ्टमध्ये कुणीतरी रोज पानाची पिचकारी मारून जातं. तो कोण हे सगळ्यांना माहीत आहे, पण बोलत कुणीच नाही. अशा या जागेत मला आवडलेलं माणूस म्हणाल तर एकच, द्वारका. आणि तिचंच मी असं काही करून बसलो, की ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

द्वारका शाळेची व्हॅन चालवते. वारज्यातली चौदा मुलं सकाळी सातला नेते, दुपारी दोनला आणते. वय चाळिशीच्या आसपास, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो, आवाज मात्र तिच्या दुप्पट वजनाच्या माणसाचा. उशिरा मूल घेऊन येणाऱ्या आयांना ती म्हणायची, "ताई, तुम्ही झोपा निवांत, मी शाळाच इकडे घेऊन येते." एकदा तिच्या व्हॅनचा ब्रेक लागताना कर्कश आवाज आला. मी खाली उतरून सांगितलं, "बाई, पुढच्या डाव्या चाकाचं लायनर संपलंय." ती म्हणाली, "कळलंय काका. आज हळू नेते, उद्या बदलते." दुसऱ्या दिवशी आवाज नव्हता. उद्या म्हणून खरोखर उद्या काम करणारं माणूस मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

पुढे समजलं, ती उत्तरेश्वरची बायको. उत्तरेश्वर माझ्याच कारखान्यात टूलरूमला फिटर. लातूरकडचा, हाताने सोनं, जिभेवर मात्र कायम तो एक शब्द. वारजे गावठाणात दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये व्हॅन, आणि व्हॅनच्या मागे ताडपत्रीखाली एक जुनी पांढरी एस्टीम. मागची सीट काढलेली, दारांचे आतले पत्रे काढलेले, गालिचा काढलेला. मी विचारलं, "भंगारात घालायची राहिली का?" उत्तरेश्वर लाजून म्हणाला, "रेसची गाडी हाय साहेब. ड्रॅग रेस."

ड्रॅग रेस म्हणजे काय ते त्याने समजावलं तेव्हा मला हसूसुद्धा आलं नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि चारशे दोन मीटर सरळ पळतात. वळण नाही, चढ नाही. सोळा-सतरा सेकंदांत सगळं आटपतं. तेवढ्यासाठी हौशी माणसं दोन शर्यतींच्या मधला सगळा वेळ गाडीखाली झोपून काढतात. पूर्वी उत्तरेश्वरच चालवायचा. पण तो ब्याण्णव किलोचा. एका वर्षी त्याच्या दंडाला लागलं होतं म्हणून द्वारका बसली, आणि पहिल्याच धावेत नवऱ्यापेक्षा पाऊण सेकंद कमी वेळ घेतला. निम्मं वजनामुळे आणि निम्मं दिव्यामुळे. पुण्यात रोज सहा तास सिग्नलला उभं राहणाऱ्या बाईला दिवा हिरवा होण्याआधी हिरवा दिसतो. तेव्हापासून उत्तरेश्वर गाडीखाली आणि द्वारका गाडीत, अशी वाटणी झाली.

मी त्यात ओढला गेलो तो मापांमुळे. व्हॉल्व्हच्या फटी मोजायला उत्तरेश्वरकडे जो गेज होता तो गंजलेला होता. गंजलेल्या गेजने मोजणं म्हणजे घाणेरड्या चमच्याने औषध पाजणं. मी माझा गेज घेऊन गेलो, तो परत आणलाच नाही.

सप्टेंबरातल्या शर्यतीला मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो. शहरापासून अडीच तासांवर कुणाची तरी खासगी धावपट्टी. तिथलं काय वर्णन करावं. एका बाजूला कर्णे लावून गाणी, एका बाजूला जळक्या टायरचा वास, पायाखाली प्लास्टिकच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या. मोबाइल वर धरून फिरणारी पोरं स्वतःच्या गाडीपेक्षा स्वतःच्या केसांवर जास्त मेहनत करून आलेली. स्वच्छतागृह म्हणून जे उभं केलं होतं त्याच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहवत नव्हतं. द्वारका दिवसभर पाणी न पिता राहिली, कारण बायकांसाठी वेगळी सोयच नव्हती.

आणि माइकवर बोलणारा एक इसम. द्वारकाची गाडी रेषेवर आली की तो म्हणायचा, "भाभीजी आल्या बरं का, भाजी गॅसवर ठेवून आल्यात, लवकर सोडा त्यांना." लोक खो खो हसायचे. द्वारकाने हेल्मेटची काच खाली ओढली आणि गेली. सोळा पूर्णांक शून्य चार सेकंद. शेवटच्या शंभर मीटरमध्ये क्लच घसरला, इंजिन नुसतं ओरडत राहिलं. परतताना, एस्टीम लादलेल्या टेम्पोत, ती एवढंच बोलली, "काका, सोळाच्या आत यायचंय. एकदा माझा आकडा निकालाच्या फळ्यावर लागला की तो बाबा काय बोलतो ते बघू."

बाकी तिला काही नको होतं. बक्षीस नको, फोटो नको. सोळाच्या आतला आकडा आणि त्या माइकवाल्याचं बंद झालेलं तोंड. पुढची शर्यत तीन आठवड्यांनी, दसऱ्यानंतरच्या रविवारी होती.

ते तीन आठवडे आम्ही त्या शेडमध्ये काढले. एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत उंदराने कागद, कापूस आणि कुणाच्या तरी परीक्षेच्या पेपरचे तुकडे आणून घर केलेलं. त्या वासाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. उत्तरेश्वरने तेच झाकण फडक्याने पुसून परत लावायला घेतलं. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि साबणाच्या पाण्यात बुडवलं. गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा जळक्या क्लचची काळी भुकटी आमच्या नाकातोंडात गेली. क्लचची तबकडी काचेसारखी गुळगुळीत झाली होती. उत्तरेश्वर म्हणाला, "पॉलिश पेपर मारला तर अजून एक रेस..." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वाक्य त्याने गिळलं.

क्लच नवा घ्यायचा ठरला, आणि फ्लायव्हील हलकं करायचं. क्लच ज्या जाड लोखंडी चाकावर बसतो ते हे फ्लायव्हील. इंजिनाच्या मागच्या टोकाला सहा बोल्टांवर धरलेलं असतं आणि इंजिनाबरोबर गरगरतं. हलकं असलं की गाडी लवकर उचल घेते. स्वारगेटच्या मागच्या बाजूला नियाजचं लेथचं दुकान आहे. त्याच्या आजोबांपासूनचं. नियाज मोजकं बोलतो आणि मोजून कापतो, म्हणून मला तो सहन होतो. त्याने चाक कापून, तोल साधून दिलं. उत्तरेश्वर म्हणाला, "अजून जरा काढा की." नियाज चष्म्यावरून बघत म्हणाला, "याहून काढलं तर ते चाक राहत नाही, पोळपाट होतो. आणि बोल्ट नीट आवळा. मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांवर हे सुटलं तर पत्रा फाडून आत येतं. ड्रायव्हरचे पाय तिथेच असतात." द्वारका शेजारीच उभी होती. तिने नकळत स्वतःच्या पावलांकडे पाहिलं.

माझी एक पद्धत होती. सप्टेंबरातल्या शर्यतीआधीच एक्केचाळीस कामांची यादी मी हाताने लिहिली होती. बोल्ट ठरलेल्या ताकदीला आवळायचा पाना वेगळा येतो, तेवढी ताकद लागली की तो टक्क आवाज करतो. ज्याने टक्क ऐकला त्यानेच तिथल्या तिथे त्या बोल्टावर लाल रेघ ओढायची. रेघेसाठी द्वारकाची नेलपॉलिशची बाटली. रेघ बघायची, पाना लावून एकदा खात्री करायची, मग यादीत खूण आणि खाली माझी सही. कारखान्यात हीच पद्धत मी माणसांना शिवीगाळ ऐकून शिकवली होती. उत्तरेश्वरला ती ठाऊक होती, म्हणून तो कुरकुरला नाही.

मंगळवारी, अष्टमीला, उत्तरेश्वरने फ्लायव्हील बसवायला घेतलं. मी तेव्हा नव्हतो, दाताच्या डॉक्टरकडे होतो. बुधवारी खंडेनवमी. त्यांच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. पाने, हातोड्या, जॅक सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं आणि दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मी गेलोच नाही. गुरुवारी, दसऱ्याला दुपारी, गेलो. शेडच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. उत्तरेश्वर कुठे बाहेर गेला होता. पाने पाटावरून उचलून खोक्यावर ठेवलेले. मी गाडीखालच्या चटईवर आडवा झालो, बॅटरी मारली. उघड्या इंजिनाच्या टोकाला नवं कापलेलं फ्लायव्हील चकाकत होतं. सहा बोल्ट, सहा लाल रेघा.

पाना लावून खात्री करायची होती. खोका हाताच्या अंतरावर होता. पण दाढ ठणकत होती, चटईला उंदराचा वास होता, आणि रेघा सहाच्या सहा होत्या. मी यादीवर खूण केली. चौतीस वर्षांत न केलेली गोष्ट केली, आणि तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नाही. एवढ्यात उत्तरेश्वर आला. त्याने खाली वाकून रेघा पाहिल्या, माझ्या हातातली यादी पाहिली, आणि नवा क्लच पुढे सरकवला. संध्याकाळपर्यंत क्लच आणि गिअरबॉक्स चढला. त्या दोघांच्या मागे ते सहा बोल्ट झाकले गेले.

शनिवारी गाडी मागच्या रस्त्यावर दोनदा फिरवली. उचल छान होती. इंजिन बंद होताना खालून एक बारीक टिक्‌टिक् आली. मी म्हणालो, "हे काय?" उत्तरेश्वर म्हणाला, "नवं हाय साहेब, बसंल." मी बसू दिलं.

रविवारी सकाळी धावपट्टीवर तीच गाणी, तोच कचरा, तोच माइकवाला. शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते. आम्ही रांगेत उभे होतो, बॉनेट उघडलेलं. मी सवयीने इंजिनावरून नजर फिरवत होतो. वरच्या झाकणाच्या नटावर एक लाल रेघ दिसली. तो नट माझ्या यादीत नव्हता. त्याला कुणी रेघ ओढायचं कारण नव्हतं. मी बोट लावलं. बोटाला लाल भुकटी आली.

नेलपॉलिश बोटाला येत नाही. द्वारका शेजारी हातमोजे घालत होती. मी तिला बोट दाखवलं.

"कुंकू आहे काका," ती म्हणाली. "आत्याबाईंनी नवमीला लावलं."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, यमुनाबाई. मी विचारलं, "कशाकशाला लावलं?"

"सगळ्याला. पान्यांना, इंजिनाला, त्या आतल्या चाकाला. त्याच्या सहा बोल्टांना पण एकेक ओलं बोट लावलं. म्हणाल्या, तेच तुझे पाय सांभाळणारेत ना. मीच ताट धरलं होतं." एवढं सांगून ती हेल्मेट आणायला टेम्पोकडे गेली.

उत्तरेश्वर पुढच्या टायरची हवा बघत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "फ्लायव्हील टक्क होईपर्यंत कधी आवळलंस?"

"मी?" तो वर बघत म्हणाला. "तुम्हीच आवळलं नव्हं? मंगळवारी मला सेकंड शिफ्ट होती. नुसतं चढवून गेलो. दसऱ्याला आलो तर तुम्ही चाकापुढं, यादीवर खूण, बोल्टांवर रेघा. मला वाटलं साहेबांनी केलं."

"आणि मला वाटलं तू केलंस."

दोघांनी मिळून एका म्हातारीच्या कुंकवावर गाडी पास केली होती. मग उत्तरेश्वरच्या तोंडाला हळूहळू रंग आला. तो कुजबुजला, "साहेब, चार बोल्ट मी साध्या पान्यानं आवळले होते बघा. आवळलेच असतील. काल फिरली की गाडी. आता गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे आजची रेस गेली. कंपनीतली दहा माणसं बघायला आलीत. सोळा सेकंदांचा तर प्रश्न हाय. चालतंय."

मी त्याला काय म्हणणार होतो, ते मला आजही आठवतं. एक चांगलं, धारदार वाक्य तयार होतं. पण तेवढ्यात तपासणी करणारा तरुण आमच्यापर्यंत आला. त्याने माझी एक्केचाळीस कामांची यादी हातात घेतली आणि हसला. "आजोबा, मागच्या वेळी मी तुमच्या यादीचा फोटो काढून बाकीच्या टीमना पाठवला होता. म्हटलं, अशी तयारी करा. तुमची सही आहे म्हणजे मला बघायलाच नको." आणि त्याने खरंच पाहिलं नाही. काचेवर हिरवा स्टिकर लावला आणि पुढे गेला.

मी यादी परत घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

पहिली फेरी नुसती वेळ मोजायची, त्यात गाड्या एकेकट्याच सोडत होते; द्वारकाचा नंबर अकरावा होता. गाड्या एकेक करून रेषेकडे सरकत होत्या. मी एस्टीमच्या बाजूने चालत होतो. पहिली गाडी गेली, दुसरी गेली. मी स्वतःला सांगत होतो, चार बोल्टांवरही चाक धरतं. तिसरी गेली. उत्तरेश्वर फिटर आहे, त्याचा साधा पानाही कच्चा नसतो. पाचवी गेली. तो यादीचा फोटो किती लोकांकडे गेला असेल, असा विचार मी केला. आता बोललो तर सगळ्यांसमोर मला सांगावं लागणार, की सही खोटी होती. सातवी गेली. द्वारकाने आतून अंगठा दाखवला. मीही दाखवला. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट, माझ्याच आवाजात, शब्द आला. चालतंय.

मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. ज्या शब्दापायी मी माणसांच्या पगारवाढी अडवल्या, एकाला रडवलं, तो माझ्या तोंडात किती आरामात येऊन बसला होता. इथे पैसा नव्हता, साहेबाचा दबाव नव्हता. होती फक्त माझी सही, आणि तिच्या बदल्यात मी एका बाईचे पाय द्यायला निघालो होतो.

नववी गाडी गेली तेव्हा मी काचेवर हात मारला. "द्वारका, इंजिन बंद कर."

तिने काच खाली केली. "काय झालं?"

"आतल्या चाकाचे बोल्ट कुणी आवळलेच नाहीत बहुतेक. मी न बघता सही केलीय."

तिने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. उत्तरेश्वर धावत आला. "अगं, चार आवळलेत मी. एकच धाव मार. शेवटी जरा दाब कमी ठेव."

"बोल्ट किती आहेत?" तिने विचारलं.

"सहा."

"मग चार काय सांगता," ती म्हणाली आणि पट्टा सोडून खाली उतरली.

मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. माइकवाल्याला आयतं सापडलं. "भाभीजी घाबरल्या वाटतं. टाळ्या होऊ द्या, भाभीजींसाठी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीतली दहा माणसं दुसरीकडे बघत होती. आम्ही तिघं ती गाडी ढकलत मंडपापर्यंत आलो. ऊन असं होतं की पत्र्याला हात टेकवत नव्हता. द्वारका हेल्मेट न काढता ढकलत होती. तिला रडू येत होतं की काय, ते त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

"इथंच उघडा," ती म्हणाली. उत्तरेश्वर म्हणाला घरी जाऊन बघू. ती म्हणाली, "इथंच."

दगडांवर जॅक लावून गिअरबॉक्स उतरवायला तीन तास लागले. गुटख्याच्या पुड्यांवर पाठ टेकून, कुणीतरी सांडलेल्या तेलात कोपरं बुडवून. क्लच सुटला आणि फ्लायव्हील दिसलं. बोल्टांभोवती काळी चकचकीत भुकटी जमली होती, लोखंड लोखंडावर घासल्याची. कुंकू कधीच उडून गेलं होतं. उत्तरेश्वरने पहिल्या बोल्टाला पाना लावला, तो अर्धा वेढा सहज फिरला. दुसरा तसाच. तिसरा, चौथा तसाच. पाचव्याला त्याने पाना लावलाच नाही, दोन बोटांनी फिरवला. सहावा त्याच्या बोटांतच निघून आला.

तो गाडीखालून सरपटत बाहेर आला, मंडपाच्या मागे गेला आणि ओकला. परत आला तेव्हा त्याच्या हातात फोन होता. आईला लावला होता. "तुला कुणी सांगितलं होतं बोल्टांना कुंकू लावायला? कळतं का तुला काही? आज मेली असती द्वारका." पलीकडून यमुनाबाईंचा आवाज ऐकू येत होता, बारीक, घाबरलेला. त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "माझी चूक झाली बाबा, माझी चूक झाली."

दोनदा मी ते ऐकून घेतलं. मग म्हणालो, "उत्तरेश्वर, फोन ठेव. बोल्ट तपासायचं काम त्यांचं नव्हतं. ते माझं होतं." त्याने फोन ठेवला. पण यमुनाबाईंनी माझं बोलणं ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या वर्षापासून त्यांनी हत्यारांची पूजा करणं सोडलंय.

द्वारका टायरवर बसून घोट घोट पाणी पीत होती. तिने मला समोर बसायची खूण केली.

"काका, तुम्हाला कधी कळलं?"

"तपासणीच्या रांगेत. तू हेल्मेट आणायला गेलीस तेव्हा."

"तेव्हा माझ्यापुढे दहा गाड्या होत्या."

"हो."

"मला सांगितलंत तेव्हा एकच राहिली होती. तोवर काय करत होता?"

खोटं सांगता आलं असतं. उत्तरेश्वरशी बोलत होतो, खात्री करत होतो, असं काहीही. मी खरं सांगितलं. "माझ्या सहीचा विचार करत होतो."

ती रागावली नाही. उशिरा येणाऱ्या आयांना ती जे ऐकवते त्यातलं एक वाक्य मला हवं होतं, ते तिने दिलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली. मग उठली, खोक्यातून पाना घेतला आणि स्वतः गाडीखाली गेली. सहा वेळा टक्क ऐकू आलं. मी बाहेर उभा राहून मोजले, मला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.

डिसेंबरच्या शर्यतीत तिने पंधरा पूर्णांक ब्याऐंशी सेकंद केले. फळ्यावर नाव लागलं, माइकवाल्याला ते पूर्ण नावासकट वाचावं लागलं. हे मला सोसायटीच्या वॉचमनकडून कळलं. द्वारका सकाळी गेटवर भेटते. व्हॅन थांबवते, काच खाली करते, माझ्या दाढेची चौकशी करते, उन्हात फिरू नका म्हणते. पूर्वी ‘तुम्ही’ म्हणायची, आता ‘आपण’ म्हणते. गाडीबद्दल एक शब्द काढत नाही, आणि मीही विचारत नाही.